स्वच्छ आवाजाचा कारागीर : लिओ फेंडर

सर्फ संगीत वाजवू इच्छिणाऱ्या नवोदित गिटारवादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अ‍ॅम्प्लिफायरचा. आवाज मोठा हवा, पण फाटलेला नको. त्यात ओलसर, थेंब टपटपावेत तसा प्रतिध्वनी हवा. आणि हे सारे बेताच्या पैशांत बसायला हवे. या तीन अटी एकाच वेळी पुऱ्या करणारे यंत्र निवडताना आजही भल्याभल्यांची दमछाक होते. मात्र याच तीन अटींची उत्तरे शोधण्यात एका माणसाचे सारे आयुष्य गेले. क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्यांचे पूर्ण नाव. जग त्यांना लिओ फेंडर म्हणून ओळखते. विशेष म्हणजे जगभरातील गिटारवादकांच्या हाती वाद्य देणाऱ्या या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. शाळेत असताना त्यांनी पियानो आणि सॅक्सोफोनचे धडे घेतले होते, तेवढाच काय तो संगीताशी प्रत्यक्ष संबंध. ते होते हिशेबनीस, आणि मनाने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर.

संत्र्याच्या बागेतून रेडिओच्या दुकानात

लिओ यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. लहानपणीच आजारामुळे त्यांचा एक डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. शेतावरच्या कष्टाच्या घरात वाढलेल्या या मुलाला ओढ लागली ती विजेच्या वस्तूंची. सांता मारिया येथे त्यांच्या मामांचे मोटारींच्या विद्युत दुरुस्तीचे दुकान होते. मामांनी सुट्या भागांतून बनविलेला रेडिओ लिओ यांनी तेथे पाहिला. त्याच्या स्पीकरमधून येणारा मोठा आवाज त्यांच्या मनात कायमचा घर करून राहिला. पुढे त्यांनी घरीच शेजारपाजारचे रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली.

१९२८ मध्ये शालेय शिक्षण संपवून त्यांनी फुलर्टन ज्युनियर कॉलेजात हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले. इलेक्ट्रॉनिक्सचा रीतसर अभ्यासक्रम त्यांनी कधीच केला नाही. काही काळ हिशेबाच्या नोकऱ्या केल्या; परंतु १९३० च्या दशकातील महामंदीत नोकरी गेली. १९३४ मध्ये त्यांचा विवाह एस्थर क्लॉस्की यांच्याशी झाला होता. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलरचे कर्ज काढून त्यांनी फुलर्टनमध्ये ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान थाटले.

हे दुकानच त्यांचे खरे विद्यापीठ ठरले. आसपासच्या नृत्यगृहांत वाजविणारे वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तेथे येत. कोणता भाग आधी जळतो, कोणता सांधा प्रवासात सुटतो, पेटीचा कोणता कोपरा तुटतो, हे लिओ यांना रोज हाताखालून जाणाऱ्या यंत्रांतून कळत गेले. रात्री कार्यक्रम नीट पार पडला नाही तर या वादकांची मजुरी बुडत असे. त्यामुळे वाद्याचा बिघाड म्हणजे त्यांच्या दृष्टीने पोटावर पाय होता. लिओ यांच्या पुढच्या सगळ्या कामामागे हीच जाणीव दिसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचेच्या डोळ्यामुळे त्यांना सैन्यात जावे लागले नाही. याच सुमारास क्लेटन ऊर्फ ‘डॉक’ कॉफमन या वादक-कारागिराशी त्यांची भागीदारी जमली. ‘के अँड एफ’ या नावाने दोघे मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविण्याची गिटार आणि तिच्या जोडीचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले. याच प्रकारच्या वाद्याला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात. व्हॅन शिपले यांनी तिच्यावर वाजविलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना मराठी रसिकांच्याही परिचयाच्या आहेत. धंदा वाढवायचा तर कर्ज काढावे लागणार, या धास्तीने कॉफमन १९४६ मध्ये बाजूला झाले. लिओ मात्र मागे हटले नाहीत. एस्थर यांची दूरध्वनी कंपनीतील नोकरी हा त्या ओढगस्तीच्या दिवसांतला मोठा आधार होता.

दुरुस्तीवाल्याची दृष्टी

पुढच्या आठ-दहा वर्षांत लिओ यांनी जे घडविले त्याने लोकप्रिय संगीताचा चेहरामोहरा बदलला. १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची विद्युत गिटार बाजारात आणली. तिचे नाव १९५१ मध्ये टेलिकास्टर झाले. त्याच वर्षी प्रिसिजन बास आली आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. या गिटारींची मान धडाला सरसाच्या सांध्याने नव्हे, तर स्क्रूंनी जोडलेली होती. मान वाकली तर स्क्रू काढावेत, नवी मान बसवावी आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला जावे, इतका तो सरळ व्यवहार होता. परंपरागत वाद्यकारांनी नाके मुरडली, पण या पद्धतीमुळे उत्पादनखर्च उतरला आणि रोजंदारीवर वाजविणाऱ्यांच्या आवाक्यात चांगले वाद्य आले.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीतही तेच. १९४८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘चॅम्पियन’ नावाचा छोटा, एका ८ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. त्याचाच पुढचा अवतार ‘चॅम्प’ म्हणून प्रसिद्ध झाला. अंतर्गत मांडणी अशी की प्रत्येक सुटा भाग एका पट्टीवर ओळीने बसविलेला असे आणि कोणताही एक भाग दुसऱ्याला धक्का न लावता बदलता येई. पेटीच्या आत कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह बसतो, हे दाखविणारा छापील कागद चिकटवलेला असे. जोडणीचे काम बहुतांशी महिला कामगार करीत. त्यांपैकी अनेकींनी चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून आत लावलेली आपली नावे आजही जुने अ‍ॅम्प्लिफायर उघडताना दुरुस्ती करणाऱ्यांना सापडतात.

आवाजाविषयी लिओ यांचे मत ठाम होते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे ताणले की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज खरखरीत, फाटलेला येतो. लिओ यांच्या लेखी तो दोष होता. त्यांच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्प्लिफायरवरून लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बेतला आणि पुढे त्याच फाटलेल्या आवाजावर रॉक संगीताचा मोठा प्रवाह उभा राहिला. लिओ मात्र स्वच्छ आवाजाचाच पाठलाग करीत राहिले. आणि तो आवाज ज्या संगीताचा प्राण ठरला, ते संगीत त्यांच्या कारखान्यापासून जवळच, समुद्रकिनाऱ्यावर जन्म घेत होते.

किनाऱ्यावरचे नृत्यगृह

फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याचा खेळ म्हणजे सर्फिंग. दक्षिण कॅलिफोर्नियात १९६० च्या सुमारास तरुणांना त्याचे वेड लागले होते. त्या वेगाला, त्या उसळीला गिटारवर आणण्याचा ध्यास घेतलेला एक तरुण वादक होता डिक डेल. मूळ नाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७ चा, बॉस्टनमधला. वडिलांकडून लेबनीज वंशाचा. लिओ यांनी त्याला स्ट्रॅटोकास्टर दिली. डेल डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या वादकासाठी लावलेल्या तारा तशाच ठेवून तो गिटार उलटी धरून वाजवी. जाड तारांवर अतिशय जलद, जोरकस आघात ही त्याची खासियत होती.

न्यूपोर्ट बीचजवळच्या बाल्बोआ येथील ‘रॉन्देव्हू बॉलरूम’ या प्रचंड नृत्यगृहात १९६१ मध्ये डेल वाजवू लागला, तेव्हा लिओ यांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकामागून एक जळू लागले. डेल यांनी पुढे आयुष्यभर सांगितलेल्या हकिगतीनुसार ही संख्या पन्नासच्या घरात गेली होती. इतक्या मोठ्या आवाजाची गरज काय, हे कारखान्यात बसून लिओ यांना उमजेना. अखेर ते आपले सहकारी, हवाई बेटांवरून आलेले वादक व तंत्रज्ञ फ्रेडी टवारेस यांच्यासह त्या नृत्यगृहात गेले आणि नाचणाऱ्या गर्दीच्या मधोमध उभे राहिले. तेव्हा त्यांना कोड्याचे उत्तर मिळाले. रिकाम्या खोलीत पुरेसा वाटणारा आवाज हजारो माणसांची शरीरे आणि कपडे शोषून घेत होते.

डेल यांच्या आठवणींत काळाच्या ओघात थोडा रंग चढला असेलही. पण परिणाम कागदावर आणि पेट्यांत स्पष्ट दिसतो. अधिक मोठे ट्रान्सफॉर्मर, सुमारे ८५ वॅटची शक्ती आणि १५ इंची जेबीएल स्पीकर असलेला ‘शोमन’ आणि नंतर दोन स्पीकरांचा ‘ड्युअल शोमन’ या जोडीने मोठ्या सभागृहातही न फाटणारा आवाज दिला.

स्प्रिंगमधला समुद्र

सर्फ संगीत म्हटले की कानात घुमतो तो ओला प्रतिध्वनी. त्याला रिव्हर्ब म्हणतात. गंमत अशी की ज्या वाद्यसंगीताने ही लाट सुरू झाली असे मानतात, त्या १९६१ च्या डेलच्या ‘लेट्स गो ट्रिपिन’मध्ये हा परिणाम नाही. रिव्हर्ब नंतर आला. हॅमंड कंपनीच्या ऑर्गनमध्ये स्प्रिंगांच्या साह्याने कृत्रिम प्रतिध्वनी निर्माण करण्याची युक्ती वापरली जाई. ती घेऊन लिओ यांच्या कंपनीने १९६१ मध्ये स्वतंत्र ‘रिव्हर्ब युनिट’ काढले. डेल यांच्या सांगण्यानुसार त्यांना ते आपल्या गळ्यासाठी हवे होते. गिटार त्याला जोडून पाहिली ती नंतर.

त्याचे तत्त्व साधे आहे. गिटारचा विद्युत संकेत एका टोकाकडून स्प्रिंगांना थरथरवतो. ती थरथर स्प्रिंगभर प्रवास करून दुसऱ्या टोकाला पोहोचते, तेथून पुन्हा मागे परतते आणि हळूहळू विरत जाते. दुसऱ्या टोकावर तिचे पुन्हा विजेत रूपांतर होते आणि मूळ आवाजात मिसळून ती आपल्या कानी पडते. युनिटवर तीन बटणे होती. स्प्रिंगांना किती जोराने हलवायचे, मूळ आवाजात किती मिसळायचे आणि प्रतिध्वनी किती तीक्ष्ण ठेवायचा, एवढेच ती ठरवीत. तळहाताने तारा दाबून तोडक आघात केला की स्प्रिंगा झटका खातात आणि थेंब टपकल्यासारखा आवाज येतो. हीच सर्फ संगीताची ओळख.

१९६२ मध्ये डेल यांनी ‘मिसिरलू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशातील जुनी धून विजेच्या वेगाने वाजविली. १९६३ मध्ये शान्टेज या वाद्यवृंदाची ‘पाइपलाइन’ आणि सर्फारीजची ‘वाइप आउट’ गाजली. १९५८ ची जॅझमास्टर व १९६२ ची जॅग्वार या फेंडर गिटारी या वादकांच्या आवडत्या ठरल्या. १९६३ पासून रिव्हर्ब अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतच बसविला जाऊ लागला. पण १९६४ च्या प्रारंभी बीटल्स अमेरिकेत अवतरले आणि सर्फची लाट ओसरली. तिला पुन्हा जगभर श्रोते मिळाले ते १९९४ मधील ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘मिसिरलू’ वाजल्यावर.

मरणाच्या छायेतील सौदा

लाट ओसरत होती, त्याच सुमारास लिओ यांच्या आयुष्याला वेगळेच वळण लागले. घसा आणि नाकाच्या पोकळ्यांतील चिवट संसर्गाने ते वर्षानुवर्षे बेजार होते. आपण आता फार काळ जगणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. मूलबाळ नव्हते. शेकडो कामगारांचा संसार आपल्या मागे कोण सांभाळणार, या विवंचनेत त्यांनी विक्रीची जबाबदारी सांभाळणारे सहकारी डॉन रँडल यांच्याकडे कंपनी विकण्याचा विषय काढला. रँडल यांनी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टीम, अर्थात सीबीएस या बलाढ्य कंपनीशी बोलणी केली आणि जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरना व्यवहार झाला. न्यूयॉर्क यँकीज या नामांकित बेसबॉल संघाची मालकी मिळविण्यासाठी याच सीबीएसने १९६४ मध्ये मोजलेल्या रकमेपेक्षाही हा आकडा मोठा होता.

त्यानंतर काही वर्षांनी डॉक्टर बदलले, पेनिसिलिनचे मोठे डोस दिले गेले आणि तो आजार बरा झाला. लिओ पुढे आणखी पाव शतक जगले. आपण उभी केलेली कंपनी, आपले नाव धारण करणारी यंत्रे दुसऱ्यांच्या हाती आहेत आणि आपण केवळ सल्लागार आहोत, अशा अवस्थेत त्यांना १९७० पर्यंत काढावे लागले. १९६६ मध्ये नव्या व्यवस्थापनाने ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची मालिका घाईघाईने बाजारात आणली. ती वारंवार बिघडू लागली. त्या मालाला मान्यता देण्यास तयार नसलेले लिओ यांचे जुने सहकारी फॉरेस्ट व्हाइट यांनी कंपनी सोडली. काही वर्षांतच ही मालिका बंद करावी लागली.

मात्र यावरून लिओ ट्रान्झिस्टरचे वैरी होते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. दहा वर्षे स्पर्धेत न उतरण्याचा करार १९७५ मध्ये संपताच ते ‘म्युझिक मॅन’ या कंपनीचे अध्यक्ष झाले. या कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पहिल्या टप्प्यावर ट्रान्झिस्टरयुक्त रचना आणि अखेरच्या टप्प्यावर व्हॉल्व्ह अशी सांगड घातलेली होती. जुने ते सोने, असा आग्रह त्यामागे नव्हता. काम चोख व्हावे, एवढीच अट होती.

१९७९ मध्ये एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. पुढे लिओ यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला आणि जुने सोबती जॉर्ज फुलर्टन यांच्यासह ‘जी अँड एल’ ही कंपनी काढली. कंपवाताने हात थरथरू लागले तरी त्यांनी कामाचे टेबल सोडले नाही. इकडे सीबीएसने १९८५ मध्ये फेंडर कंपनी तिच्याच अधिकाऱ्यांच्या गटाला १ कोटी २५ लाख डॉलरना विकून टाकली. वीस वर्षांपूर्वी मोजलेल्या किमतीपेक्षाही कमी रकमेत! २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, लिओ यांनी फुलर्टन येथे जगाचा निरोप घेतला. पुढच्याच वर्षी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. डिक डेल यांचे निधन २०१९ मध्ये झाले. अखेरच्या वर्षांतही ते मंचावर वाजवीतच होते.

खरेदीदारासाठी शिदोरी

आता पुन्हा बेताच्या पैशांच्या प्रश्नाकडे वळू. त्या काळचे मूळ ‘शोमन’ आणि ‘रिव्हर्ब युनिट’ आज संग्राहकांच्या किमतीला जातात. परंतु लिओ यांच्या कामातून निघणारे धडे फुकट आहेत आणि ते बाजारातील कोणत्याही यंत्राला लावून पाहता येतात.

पहिला धडा जागेचा. नृत्यगृहात उभे राहिल्यावर लिओ यांना गरज कळली. खरेदीदारानेही आपण कोठे वाजविणार हे आधी ठरवावे. वॅटच्या आकड्याला भुलू नये. शक्ती दुप्पट केली तरी आवाज वाढतो तो जेमतेम ३ डेसिबलने. आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटायचा तर शक्ती सुमारे दहापट लागते. घरातील सरावाला १५ ते २० वॅट आणि एक १२ इंची स्पीकर पुरेसा आहे. ढोलताशासारख्या दणदणीत ड्रमसंचाशी सामना असेल तर मात्र जास्त शक्ती हवी. कारण प्रश्न केवळ आवाजाचा नसतो, तो न फाटता राहण्याचा असतो. ४-५ वॅटचा ‘चॅम्प’ जातीचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर सुंदर वाजतो. पण तो लवकर फाटतो, म्हणून सर्फसाठी तो अपुरा पडतो.

दुसरा धडा क्रमाचा. आधी स्वच्छ आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायर, मग रिव्हर्ब. लिओ यांच्या कारखान्यातही हेच दोन टप्पे होते. आत खरी स्प्रिंग असेल तर उत्तमच. नसेल तर वेगळे रिव्हर्ब पेडल पुढे जोडता येते. फाटणारा आवाज मात्र कोणत्याही पेडलने स्वच्छ होत नाही.

तिसरा धडा तंत्राविषयीचा. व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, हा हट्ट परवडणारा नाही आणि आवश्यकही नाही. जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ मध्ये काढलेला ‘जॅझ कोरस’ पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालतो आणि स्वच्छ आवाजासाठी जगभर नावाजला जातो. तो स्वस्त नाही. पण स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्येही स्वच्छ आवाजाची बाजू बहुधा भक्कम असते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाची संगणकीय नक्कल करणारे स्वस्त डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरही आता मिळतात. त्यांची परीक्षा एकच : तळहाताने तारा दाबून जोरकस आघात करावा आणि तो थेंब ऐकू येतो का, ते पाहावे.

चौथा धडा दुरुस्तीचा. जुना अ‍ॅम्प्लिफायर घेताना अर्धा तास सलग वाजवून पाहावा. घरघर, करकर, जळका वास यांकडे लक्ष द्यावे. पेटीला हलकासा धक्का दिल्यावर स्प्रिंगेचा गडगडाट ऐकू आला तर रिव्हर्ब जिवंत आहे असे समजावे. अमेरिकेतून आणलेले यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टच्या जोडणीवर ते थेट लावल्यास जळते, म्हणून योग्य ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच धरावा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्यावरही आत जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो; तो स्वतः उघडण्याचे धाडस करू नये. आणि आपल्या गावात हे यंत्र दुरुस्त करणारा जाणकार कारागीर आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

शेवटचा मुद्दा कारागिराचा निघाला, हे लिओ यांना नक्कीच आवडले असते. फुलर्टनमध्ये फेंडर यांच्याच नावाच्या रस्त्यावर ‘जी अँड एल’ने त्यांची कार्यशाळा त्यांच्या पश्चात जतन करून ठेवली. आपल्या बेताच्या मिळकतीतून अ‍ॅम्प्लिफायर घेणारा आजचा वादक नेमका तोच गिऱ्हाईक आहे, ज्याच्यासाठी १९३८ मध्ये सहाशे डॉलरच्या कर्जावर ते दुकान उघडले होते.